ढेप्याचा पंचनामा

कुत्र्याचं पिल्लू घरात आलं, त्याच्या चौथ्या दिवशी भिमाजी ओव्हाळांनी त्याच्या नावानं रजिस्टर उघडलं. दुसरा कुणी असता तर फडकं घेऊन फरशी पुसत बसला असता. पण भिमाजी शिरूरच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून होते. (कचेरी कोणती ते विचारू नका, त्यातली माणसं अजून पेन्शन घेतायत.) जी गोष्ट रजिस्टरात नाही ती घडलीच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. शंभरपानी वही, तांबड्या शाईचे रकाने, डावीकडे 'आवक', उजवीकडे 'जावक'. आवक म्हणजे दूध आणि कुस्करलेली भाकरी. जावक म्हणजे काय, ते चाळीतल्या शहाबादी फरशीला विचारा.

पिल्लू सहा आठवड्यांचं. मेहुण्यानं, संपतनं, गावाकडून, राहूहून, पिशवीत घालून एस.टी.नं आणलेलं. गुळाच्या ढेपेसारखं गोल आणि रंगही तोच, म्हणून नाव पडलं ढेप्या. पहिल्या दिवसाची बेरीज लागली: आवक चार, जावक सतरा. भिमाजी हबकले. अठरा वर्षांच्या नोकरीत आवकीपेक्षा जावक जास्त असलेली कचेरी त्यांनी बघितली नव्हती.

"अवो, लेकरू हाय त्ये," त्यांच्या पत्नी सोजराबाई म्हणाल्या. "लेकरू मुतायचंच."

"लेकरू असलं म्हणून काय झालं? सतरा?"

"तुमी कवा मोजलं व्हतं का तुमच्या पोरींचं?"

पोरी आता पुण्यात बोर्डिंगात शिकत होत्या. त्यांचं मोजायचं राहूनच गेलं होतं, याची भिमाजींना थोडी रुखरुख वाटली.

चाळ म्हणजे चार खोल्यांची एक रांग, पुढं सगळ्यांचा मिळून एक ओटा. त्यामुळं ढेप्याची जावक ही खाजगी बाब राहिली नाही. पहिल्या खोलीतल्या आक्काबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "त्याचं नाक घासा त्यात. जल्मात इसरायचं न्हाई." चाळीचे मालक तात्याबा भाडं नसलेल्या दिवशीही येऊन बसत. ते म्हणाले, "सांजंचं दूध तोडा, ओव्हाळ. आवकच न्हाई तर जावक कुठली?" आणि शेजारच्या खोलीतले जयसिंग साकोरे, मूळचे केंदूरचे, भिमाजींच्याच कचेरीत त्यांच्या मागच्या टेबलावर बसणारे, दात कोरत म्हणाले, "मी तर म्हणतो, ज्यानं त्यानं आपल्याला झेपंल तेवढंच पाळावं."

या वाक्यात सल्ला कुठं आहे, हे भिमाजी दोन दिवस शोधत होते.

नाक घासायचा प्रयोग त्यांनी एकदा केला. ढेप्यानं एक शिंक दिली, पोटाशी शेपूट घेतली आणि घाबरून होतं नव्हतं ते तिथंच सोडलं. जावक अठरा. भिमाजींनी ती नोंद केली खरी, पण त्यानंतर जेवताना त्यांना ढेप्याच्या नजरेला नजर देववेना. शेवटी एका सोमवारी अर्धी रजा टाकून ते त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं त्यांच्या पुढं दोन बैल, एक म्हैस आणि पंधरा कोंबड्यांची एक पाटी होती. छापील फॉर्मात गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी एवढेच रकाने. खाली प्रश्न: दररोज दूध किती? भिमाजींनी 'इतर' वर खूण केली आणि दुधाच्या पुढं 'देत नाही, पितो' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. डॉक्टरांनी आधी फॉर्म वाचला, मग रजिस्टर वाचलं, मग चष्मा काढून डोळे पुसले.

"ओव्हाळ, तुमच्या कुत्र्याला काही झालेलं नाही."

"सतरा वेळा, साहेब!"

"होणारच. या वयात त्याला धरवत नाही. महिन्यामागं एक तास धरा, म्हणजे याला जेमतेम दीड तास. झोपून उठला की होणार, खाल्लं की होणार, खेळला की होणार. तुम्ही घरी आल्यावर आनंदानंही होणार. मारू नका, नाहीतर लपून करायला शिकेल. मोठा होईल तसं आपोआप सुटेल."

"म्हणजे हे नॉर्मल आहे?"

"अगदी."

"लेखी मिळेल?"

डॉक्टर चांगला माणूस. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: 'सदर पिल्लाचे वर्तन वयोमानास अनुसरून आहे.' खाली सही, वर शिक्का. निघताना म्हणाले, "तोवर एका कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरा. तिथंच करायची सवय लागेल." हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वर्तमानपत्र पसरा म्हणणं सोपं आहे. कुठलं पान पसरायचं? भिमाजी मांडी घालून रद्दीच्या गठ्ठ्यासमोर बसले. बाबासाहेबांचा फोटो असलेली पानं त्यांच्याकडं आधीच वेगळी, ट्रंकेत घडी करून ठेवलेली होती, तो प्रश्न नव्हता. देवादिकांची चित्रं आली. भिमाजी छप्पन साली घरातले देव नदीत सोडून आलेले, त्यांना देवाचं काही नव्हतं. पण चाळीत शेजारी राहतात, कुणाचं मन का दुखवा, म्हणून देव बाजूला काढले. मग निधनवार्ता. मेलेल्या माणसावर हे? छे! मग वधूवर. मग सिनेमाच्या जाहिराती, त्या सोजराबाईंनी ओढून घेतल्या: "बाईमाणसाच्या अंगावर? काय लाज?" सरकारी टेंडरं चालली असती, पण प्रत्येक टेंडराच्या डोक्यावर अशोकाचे सिंह बसलेले. ते तर सरकारचेही आणि आपलेही. आणि पुढारी! साल शहात्तर, देशात आणीबाणी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हसरे पुढारी आणि खाली शिस्तीची घोषवाक्यं. सरकारी नोकरानं त्याच्यावर कुत्रं सोडायचं म्हणजे भाकरीवरच पाणी सोडायचं.

दोन तासांच्या छाननीत बसण्यालायक निघाले ते कांदा, बटाटा आणि गुळाचे बाजारभाव. ढेप्यानं ते आनंदानं स्वीकारले. आठ दिवसांत तो कोपरा ओळखू लागला. जावक चौदावर आली आणि भिमाजी ओट्यावर बसून आक्काबाईंना कुत्र्याच्या शास्त्रावर दोन शब्द सांगू लागले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. अव्वल कारकुनाची, म्हणजे भिमाजींच्या वरची, एक जागा दिवाळीआधी भरायची होती. ज्येष्ठतेत भिमाजी पहिले, जयसिंग दुसरे, मध्ये अकरा महिन्यांचं अंतर. भिमाजींच्या आईनं लोकांच्या रानात खुरपणी करून त्यांना मॅट्रिक केलं होतं. अव्वल कारकुनाच्या टेबलाला तीन खण होते आणि मधल्या खणाला किल्ली होती. ती किल्ली खिशात घालून एकदा राहूला जायचं, आईपुढं ठेवायची, एवढी एकच गोष्ट भिमाजींना या जन्मात हवी होती. ते कुणाला बोलले नव्हते, पण सगळ्यांना माहीत होतं.

घात झाला श्रावणात. जयसिंग साखर मागायला आले आणि त्याच वेळी सोजराबाई कोपऱ्यातला ओला कागद दोन बोटांत धरून बाहेर टाकायला निघाल्या. वर गुळाचे भाव होते, भिमाजींनी स्वतः तपासलेले. पण कागदाला मागची बाजू असते. रोज दहा कागदांच्या तळाशी 'कृ. मा. प.', म्हणजे कृपया मागे पहा, असं लिहिणारा हा माणूस त्या दिवशी मागं बघायला विसरला. मागं फोटो होता. कुणाचा ते सांगायची गरज नाही, त्या वर्षी एकच फोटो असायचा.

"वहिनी, बघू," जयसिंग म्हणाले. त्यांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि साखर न घेताच गेले. दुपारी तो कागद त्यांच्या दोरीवर दोन चिमट्यांत वाळत होता. दुसऱ्या दिवशी पाकिटात बसून साहेबांच्या टेबलावर गेला. सोबत 'राष्ट्रहितास्तव' असा मथळा असलेला अर्ज.

साहेब नवे, तरुण आणि घाबरट. अर्ज वाचून त्यांनी आधी खिडकी लावली. "हे फाडता येत नाही, जाळता येत नाही, फाइलला लावता येत नाही," ते पाकिटाकडं न बघता म्हणाले. "साकोरे, हे तुमच्याच ताब्यात ठेवा. ओव्हाळ, तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

पण मेमो लिहिणार कोण? जयसिंग तक्रारदार. तिसरा कारकून रजेवर. आणि विषय असा, की तो फोटो आणि तो द्रव एका वाक्यात आणला तर लिहिणाराच आत जायचा. अख्ख्या कचेरीत असा नाजूक मसुदा जमणारा माणूस एकच.

"ओव्हाळ, तुम्हीच लिहा," साहेब म्हणाले.

भिमाजींनी स्वतःला मेमो लिहिला. अपमानानं कान तापले होते, पण हात सरावाचा. 'सदर छापील मजकुरावर सदर प्राण्याकडून सदर प्रकार घडल्याचे निदर्शनास आले असून, याबाबत आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' साहेबांनी सही करताना "वा!" म्हटलं. भिमाजींनी तो जावक रजिस्टरला चढवला, टेबलाच्या या बाजूला येऊन आवकला घेतला, पोच दिली आणि तीन दिवसांत खुलासाही लिहिला. 'सदर प्राणी वयाने लहान असून कागद दिसेल तिथे करतो, मजकूर वाचत नाही.' सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरचं रजिस्टर पुराव्यादाखल जोडलं. साहेबांनी सगळं बाड मार्गदर्शनासाठी पुण्याला पाठवलं, आणि पुण्याहून उत्तर येईपर्यंत अव्वल कारकुनाची जागा थांबवली.

घरी भिमाजींनी ढेप्याकडं बघणं सोडलं. राग नव्हता. पण जेवण जाईना, आणि ओट्यावर बसलं की जयसिंगांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला तरी तो आपल्यालाच, असं वाटायचं. सोजराबाईंनी उरलेली रद्दी एका दमात वाण्याला देऊन टाकली. "ह्या कागदानंच घर बुडीवलं," एवढंच म्हणाल्या. पुढं सोजराबाई पिल्लाचं काय करत होत्या, ते भिमाजींना कळलं नाही. रजिस्टर पुण्याला गेलं होतं. नोंद नाही, म्हणजे घरात काही होतच नसणार.

पुण्याहून महिन्यानं फाइल परत आली: 'प्राण्याचे वय नमूद नाही.' नमूद केलं. पुन्हा तीन आठवड्यांनी आली: 'प्राण्याची जात नमूद नाही.' हा रकाना भिमाजींच्या जन्मभर ओळखीचा. त्यांनी लिहिलं, 'गावठी. प्राण्यास मान्य नाही.' मग दुसरं वाक्य खोडलं, आणि खोडलेलं वाचता येतंय याची खात्री करून फाइल रवाना केली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दिवाळी दहा दिवसांवर होती. या वेळी शेरा ठसठशीत: 'प्राणी कागदावर करतो किंवा कसे, याचा समक्ष पंचनामा करून तात्काळ निकाल द्यावा.'

शनिवारी सकाळी पंचनामा ठरला. भिमाजींच्या खोलीत साहेब खुर्चीवर, पंच म्हणून तात्याबा आणि आक्काबाई सतरंजीवर, तक्रारदार जयसिंग दाराशी उभे. लिहायला अर्थात भिमाजी. बातमी बाहेर फुटू नये म्हणून दाराला आतून कडी.

"प्रसंग हुबेहूब हवा," साहेब म्हणाले. "साकोरे, फोटोचं पान खाली घाला."

"मी?" जयसिंग मागं सरले. "मी कसं घालू, साहेब? तो तर गुन्हा हाय!"

"मग पंच घालतील."

"आपल्याला काय पडलंय?" तात्याबा म्हणाले. आक्काबाईंनी तर ऐकूच येत नसल्यासारखं केलं. साहेबांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं आणि ते खिशात घातले. शेवटी वाण्याकडून कांद्याच्या भावाचं एक पान परत मागवलं, ते चौघांनी दोन्ही बाजूंनी तपासलं आणि कोपऱ्यात पसरलं. ढेप्याला वाटीभर दूध पाजलं. आता तो चांगला साडेचार महिन्यांचा, पाय लांबलेला, कान उभे राहायच्या बेतात असलेला गडी दिसत होता. तो पाहुण्यांना एकेक करून हुंगून आला, कागदावरून चालत गेला आणि दाराशी जाऊन बसला.

अर्धा तास झाला. तास झाला. एरवी सतरा वेळा करणारं जनावर आज जातीनं पाच माणसं बघायला बसली तर थेंब सोडीना.

"त्याला लाज वाटती," आक्काबाई म्हणाल्या. "एवढी माणसं बघाया बसल्यावर तुमास्नी तरी झालं असतं का?"

मुद्दा बिनतोड होता. साहेबांसकट सगळे भिंतीकडं तोंड करून बसले. पंधरा मिनिटं पाच माणसं भिंतीचा चुना न्याहाळत होती. ढेप्या दाराला नखं घासून कुंई कुंई करू लागला. तेवढ्यात सोजराबाई चूल सोडून पुढं आल्या.

"अवो, काय चाललंय ह्ये? त्याला भाईर जायाचंय की! कडी काढा, मुकं जनावर मरंल धरून धरून!"

त्यांनीच कडी काढली. ढेप्या सुटला तो ओटा उतरून थेट चाळीमागच्या चिंचेखाली. साहेब मागं, पंच मागं, भिमाजी वही घेऊन मागं. ढेप्या बसला आणि डोळे मिटून त्यानं जे सोडलं ते साहेबांच्या घड्याळानं सव्वा मिनिट चाललं.

"कवापासनं असं करतोय हा?" तात्याबांनी विचारलं.

"दीड म्हैना झाला," सोजराबाई म्हणाल्या. "झोपून उठला, खाल्लं, खेळला की मी आणती हितं. आता आपला आपून सांगतो. घरात थेंब न्हाई."

भिमाजींनी वही मिटली. आपण खुलाशात लिहून बसलो, कागद दिसेल तिथे करतो. आणि पंचांसमक्ष सिद्ध काय झालं, तर कागदाला शिवतही नाही. खोटा खुलासा! जागा तर गेलीच, नोकरीही गेली. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. बायको दीड महिना हे करत होती आणि आपल्याला एका शब्दानंही कळलं नाही, याची लाज वेगळीच.

साहेब चिंचेखाली येरझाऱ्या घालू लागले. त्यांना निकाल आजच द्यायचा होता. त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं आणि चेहरा हळूहळू उजळला.

"लिहा, ओव्हाळ. पंचांसमक्ष कागद ठेवला असता प्राण्याने त्यास स्पर्शही केला नाही व स्वखुशीने बाहेर जाऊन विधी उरकला. सबब, सदर प्राणी कागदावर करत नाही हे सिद्ध झाले." भिमाजींनी लिहिलं. पंचांनी सही केली, आक्काबाईंनी अंगठा लावला. मग साहेब वळले. "साकोरे, तो कागद अडीच महिने कुणाच्या ताब्यात आहे?"

जयसिंगांच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्या. पण साहेब, तवा त्या कुत्र्यानंच—"

"प्राणी कागदावर करत नाही. पंचनामा आहे. मग तो कागद भिजवला कुणी?"

"अवो साहेब," सोजराबाई मध्येच म्हणाल्या, "तवा त्ये ल्हान व्हतं! त्यानंच केलं. आता मोठं झालं, एवढंच हाय."

सगळे भिमाजींकडं बघू लागले. जयसिंग तर हात जोडायचे तेवढे बाकी होते. भिमाजींना खरं माहीत होतं. चोवीस तास मोजलेलं आणि तांबड्या शाईत लिहिलेलं खरं. त्यांनी तोंड उघडलंही, पण साहेबांनी हात वर केला.

"बाई, पंचनाम्यावर सह्या झाल्यात. आता नवीन काही घडू शकत नाही." साहेबांना एकदाचं हे बाड आवरायचं होतं. "साकोरेंवर कारवाई नको, उगीच वाढेल. पण त्या कागदाचं काय करावं? ओव्हाळ, काहीतरी मसुदा सुचवा."

भिमाजींनी पेन उचललं. दोरीवरचे दोन चिमटे त्यांना आठवले, आणि सोजराबाईंच्या हातातून घेतलेला तो कागद. अठरा वर्षांत एवढं वळणदार अक्षर त्यांनी काढलं नव्हतं: 'सदर कागदावरील छायाचित्र लक्षात घेता, तो श्री. साकोरे यांनी पुढील आदेश होईपर्यंत आपल्या राहत्या घरी, उंच व स्वच्छ जागी, सन्मानपूर्वक जतन करावा.'

"वा!" साहेब म्हणाले आणि सही केली.

दिवाळीच्या तीन दिवस आधी यादी निघाली. अव्वल कारकून: भि. ल. ओव्हाळ. किल्ली घेऊन भिमाजी राहूला जाऊन आले. आईनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "एवढीशीच?" मग पदराच्या गाठीला बांधली आणि निघायची वेळ होईपर्यंत परत दिली नाही.

जयसिंगांच्या खोलीत तो कागद देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर काचेच्या चौकटीत बसला आहे. त्याच्यापुढं सकाळ-संध्याकाळ दोन उदबत्त्या लागतात. पाहुण्यांना वाटतं भक्ती आहे. पण उन्हाळ्यात पत्रा तापला की त्या चौकटीतून काय वास सुटतो, हे जयसिंगांच्या बायकोला विचारा. ती रोज नवऱ्याला तेच विचारते: पुढचा आदेश कधी?

तो आदेश ज्या टेबलावरून निघायचा, त्या टेबलाला तीन खण आहेत. दर सोमवारी जयसिंग टेबलापुढं येऊन उभे राहतात.

"ओव्हाळसाहेब, त्या कागदाचं काही झालं का?"

"पुण्याहून मार्गदर्शन मागवलंय," भिमाजी म्हणतात आणि मधल्या खणाला किल्ली लावतात.